कोपरावरचं रफू

रफूवाला: ...म्हटलं, डॉक्टरसाहेब, तिसरा टाका ओढला गेलाय.

बायको: स्वतःच्या डोळ्यातला?

रफूवाला: मग काय तुझ्या? मोठा करून दाखवला त्यांनी पडद्यावर. सोळा टाके, केसाहून बारीक धागा. पंधरा झकास, तिसऱ्याला हिसका बसलाय.

बायको: अहो, मेलेल्या माणसाचं बुबुळ ज्यांनी तुम्हाला बसवलं, त्यांना शिवण शिकवलीत?

रफूवाला: मानलं त्यांनी! म्हणाले, म्हणूनच थोडं तिरकं दिसतंय. पुढच्या महिन्यात तो टाका काढतील, तोवर हा चष्मा. शेजारी एक ट्रकवाला बसला होता. त्याचंही बुबुळ असंच, पातळ होऊन टोकदार झालेलं. त्याला सांगितलं, तीन वर्षं एका दिव्याचे पाच दिसायचे, पण एकही कापड तक्रार घेऊन परत आलं नाही माझ्याकडे. बोटांना डोळे आहेत.

बायको: काय म्हणाला तो?

रफूवाला: मग ऑपरेशन कशाला केलंत, म्हणाला. त्याने गाडी कधीच सोडलीय. बोटांना डोळे नाहीत बिचाऱ्याच्या.

बायको: औषधाचे थेंब घातलेत?

रफूवाला: घातले. वकिलांचा कोट आण. खिसा फाटलाय ना?

बायको: आजच चष्मा आलाय. राहू दे की.

रफूवाला: आण गं. याच्याच कोपरावर गेल्या वर्षी रफू केलं होतं मी. कुठेय? सापडतच नाही बघ! भिंग दे. ...वा! कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागा काढून विणलंय. डॉक्टरांना परक्याचं कापड लावावं लागलं, मला बघ!

बायको: बघितलंय.

रफूवाला: जवळजवळ आंधळा होतो तेव्हा मी. आणि हे असं... थांब.

बायको: गॅस चालू राहिलाय वाटतं.

रफूवाला: बस इथे. ही वीण डावीकडे झुकलीय. उजव्या हाताची अशी झुकत नाही.

बायको: तिरकं दिसतंय तुम्हाला. तो तिसरा टाका...

रफूवाला: तिसऱ्या टाक्याने सगळंच तिरकं दिसेल, एकटं कोपर नाही. या घरात डावखुरं कोण आहे?

(बायको डावा हात पदराखाली घेते.)

रफूवाला: किती कपडे?

बायको: सगळे नाही काही.

रफूवाला: किती?

बायको: पहिल्या वर्षी थोडे. मग बरेच. तुम्ही दुपारी आडवे झालात की तुमचं रफू मी उसवायचे आणि पुन्हा विणायचे. काम सुटलं असतं तर तुम्ही खचला असता. भीती वाटायची मला.

रफूवाला: आणि मी जगभर बोटांच्या बढाया मारत फिरलो. आज त्या ट्रकवाल्यालाही सोडलं नाही. तू ऐकून घेतलंस?

बायको: बरं वाटायचं तुम्हाला. शिवाय शिकवलं तुम्हीच ना.

रफूवाला: एवढं बारीक मी नाही शिकवलं. मलाच येत नाही. लाज वाटते गं. आणि खरं सांगू? हेवाही वाटतो.

बायको: पुरे आता. खिशाचं मी करते, तुम्ही समोर बसून चुका काढा. डॉक्टरांना सोडलं नाहीत, मला कशाला सोडाल!

रफूवाला: मग कर ना सुरू. दोरा घेऊन नुसती काय बसलीस?

बायको: ओवतेय. नेढं नीट दिसत नाही हल्ली. तुमच्या डोळ्याच्या धावपळीत माझा चष्मा राहूनच गेला.

रफूवाला: आण ती सुई इकडे. दोरा मी ओवतो.