पुढच्या वाढीतली निम्मी

खरं वाटणार नाही तुम्हाला, पण मी विश्रामबागच्या कॉलेजात क्लार्क असताना गणिताच्या पाटील मॅडमनी आमचं म्हातारपण कॉम्प्युटरवर चालवून दाखवलं होतं.

"भाऊसाहेब, पगारातून शिल्लक टाकाल?"

"कुठली हो! पुरतच नाही."

"मग पुढच्या पगारवाढीतली निम्मी?"

"घ्या की! ती अजून हातात कुठं आलीय?"

मॅडम हसल्या. बटण दाबताच पडद्यावर वर्षांमागून वर्षं सरकली, शिल्लक वाढत गेली. मी थक्क!

डबा घेऊन आलेल्या बायकोनं हळूच विचारलं, "ह्यांच्या माघारी मला किती दिवस पुरेल?"

मॅडमनी पुन्हा आकडे घातले. "शेवटपर्यंत, वहिनी."

ती रडायलाच लागली. वीस वर्षं संसार केला, पण ही भीती तिच्या पोटात आहे, हे मला त्या दिवशी कळलं.