देव्हाऱ्यातला कैदी

मीरा : ‘वहिनी, माझ्या कप्तानाला उंच आणि कोरड्या जागी ठेवा, येता-जाता हात लागेल अशा जागी नको.’ आग्नेलभाऊंचे शब्द आहेत हे. पायात चपला घालता घालता सांगून गेले होते. म्हणून मी तसा ठेवला.

आत्माराम : कुठे ठेवलास, ते विचारतोय मी.

मीरा : देव्हाऱ्यात.

आत्माराम : देव्हाऱ्यात? मीरा, पोर्तुगीज कप्तान देव्हाऱ्यात?

मीरा : हळू बोला. अन्नपूर्णेच्या मागे, कोपऱ्यात. ह्या घरात उंच आणि कोरडी जागा दुसरी राहिलीय कुठे? फ्रिजवर तुमच्या तोफा. टीव्हीमागे घोडेस्वार. जेवायच्या टेबलावर वर्षभर तुम्हा दोघांच्या खेळातला वसईचा किल्ला, आपण जेवतो खाली बसून.

आत्माराम : अगं, शत्रूचा सेनापती तो! बोटभर उंचीचा असला म्हणून काय झालं? तलवार उपसून उभा आहे!

मीरा : तुम्ही धरून आणल्यावर कैदीच की तो. तलवार काय कामाची?

आत्माराम : आणि तू त्याची पूजा...

मीरा : पूजा नाही हो. तुमचाच नियम ना, कैद्याला उपाशी ठेवायचं नाही? देवांचा नैवेद्य झाला की दोन शितं त्याच्यापुढेही. सोमवारी साबुदाणा.

आत्माराम : फिरंग्याला सोमवारचा उपास घडवलास?

मीरा : त्याची काही तक्रार नव्हती.

आत्माराम : देवा! बरं, हे आग्नेलसमोर बोलू नकोस. काढ त्याला बाहेर. आज कैद्यांची अदलाबदल आहे, मग शेवटची चढाई. आग्नेल सांडोरहून निघालाय, येईलच इतक्यात.

मीरा : त्यासाठीच तुम्हाला आत बोलावलं. तो नाहीये.

आत्माराम : कोण नाहीये?

मीरा : कप्तान. काल माझ्या सोमवारांचं उद्यापन झालं ना? बेल, झेंडू, देव्हारा नुसता भरून गेला होता. संध्याकाळी सगळं निर्माल्य ओंजळीनं उचललं, पिशवीत भरलं, आणि तळ्याकाठच्या कलशात घालून आले. सकाळी देव पुसायला घेतले तर अन्नपूर्णेच्या मागे कोणी नाही.

आत्माराम : तू... कप्तानाचं विसर्जन केलंस?

मीरा : बेलाच्या पानांखाली दिसला नाही हो मला.

आत्माराम : मग जाऊन बघायचं ना!

मीरा : गेले होते. चहासुद्धा न घेता गेले. कलश रिकामा. गाडी येऊन गेली म्हणाला तिथला माणूस. निर्माल्याचं खत करतात.

आत्माराम : खत! मीरा, तुला कळतंय का काय झालंय? दुसरा एखादा शिपाई असता तर मी बाजारातून आणून रंगवला असता. तो आग्नेलच्या जॅक्सननं रंगवलेला होता. बोटीवर नोकरीला जायच्या आदल्या आठवड्यात, भिंग लावून. डोळ्यांत बुबुळं काढली होती पोरानं! आग्नेल येईल त्याला ते डोळे दाखवतो. पोरगा वर्षातून एकदा घरी येतो, बाकी वेळ त्याच्याजवळ हा कप्तान असतो. कसा काय दिला त्यानं आपल्याकडे, तेच मला कळत नाही.

मीरा : नियम होता म्हणून दिला. पकडला गेला, तर दिला.

आत्माराम : थांब. नियम! सुचलं मला. पळाला म्हणून सांगू.

मीरा : काय?

आत्माराम : आहे ना आपला नियम? कैद्याच्या नावानं फासा टाकायचा, ओळीनं तीनदा सहा पडले तर कैदी पळाला. कोणाचा दोष नाही. आग्नेलनंच सुचवलेला आहे तो.

मीरा : पडले का सहा?

आत्माराम : पडतील. पडेपर्यंत टाकतो.

मीरा : मी घरात असताना नाही.

आत्माराम : मग तू जरा देवळात जाऊन ये.

मीरा : अहो!

(आत्माराम फासे शोधू लागतो. दारावरची बेल वाजते.)

आग्नेल : काय रे, दार उघडायला एवढा वेळ? सैन्य लपवत होतास काय? वहिनी, ही घ्या सुकेळी. ह्या वेळी केळी छान वाळली आहेत. तुमच्या उपासाला पन चालतात.

मीरा : बसा आग्नेलभाऊ. पाणी आणते.

आग्नेल : पानी नंतर. आधी आमचा मानूस बघू द्या. आनि हा घे आत्माराम तुझा सरदार. रुमालात गुंडाळून आनलाय, मिशीला धक्का लागलेला नाही. मोजून घे मिशा.

आत्माराम : अं... खॅक्... खॅक्...

आग्नेल : खोकतोस काय? आज तुझ्या तोफा डागायच्या आहेत. तोफेचा आवाज तोंडानं काढायचा आनि मधे खोकला आला तर तोफ फुटली, आपला नियम. आजपर्यंत माझ्या तोफा फोडल्यास, आज तुझ्या फुटनार.

आत्माराम : आग्नेल, आज असं करू या का, की... लाइट जाणार आहे म्हणे. लाइट गेली की दोन्ही सैन्यं माघारी.

आग्नेल : दुपारी? उन्हात? तुझं काहीतरी बिघडलंय. यंदा फासा पडून फिरंगी माझ्या वाट्याला आले, तेव्हापासून बघतोय, तू मला किल्ल्याबाहेर डोकं काढू देत नाहीस. मागच्या वर्षी मी मराठा होतो, मी तुला असं छळलं होतं काय?

मीरा : मेरी कशी आहे? गुडघा?

आग्नेल : वाकतो थोडा. ऑपरेशन चांगलं झालं म्हनतात, पन ती घाबरते. पाय टाकायलाच तयार नाही. सकाळी मी वाडीत केळीच्या मागे असतो. जॅक्सन समुद्रात. ती बिचारी खिडकीशी बसून असते. वहिनी, तुम्हाला खोटं वाटेल, हा सरदार होता ना आमच्याकडे, त्याला मेरीनं अल्तारीखाली, क्रुसाच्या पायाशी ठेवला होता. दिवसभर त्याच्याशी बोलायची. आज भाजी काय करू रे, पाय दुखतो रे. मी म्हटलं, अगं, शत्रू आहे तो, किल्ल्याची बातमी फोडशील. आनि आज त्याला घेऊन निघालो, तर म्हनाली, आता मी बोलू कोनाशी?

मीरा : असं म्हणाली?

आग्नेल : हसत म्हनाली. पन म्हनाली. असू दे. आत्माराम, आन माझा कप्तान.

आत्माराम : तो... त्याच्या नावानं आम्ही फासा...

मीरा : आग्नेलभाऊ, तुमचा कप्तान माझ्या हातून गेला.

आग्नेल : गेला म्हनजे? पडला? हात मोडला असेल तर चिकटवू.

मीरा : देव्हाऱ्यात होता. काल निर्माल्याबरोबर पिशवीत गेला. मी कलशात टाकून आले. आज शोधायला गेले, तोवर गाडी घेऊन गेली. ह्यांचा त्यात काही दोष नाही. माझं लक्ष नव्हतं.

आग्नेल : (सरदाराच्या रुमालाची घडी घालू लागतो.)

आत्माराम : आग्नेल, अरे, तो रुमाल ठेव. शिव्या दे. किल्ला घे. आजची लढाई तू जिंकलास, सगळा किल्ला तुझा. बुरुजांसकट.

आग्नेल : प्लायवुडचा किल्ला घेऊन काय करू?

मीरा : जॅक्सनचे डोळे होते त्याच्यात. मला ठाऊक आहे. रोज गंध लावायला घेतलं की ते बघायचे माझ्याकडे. क्षमा कशी मागू, तेच सुचत नाही.

आग्नेल : गंध? वहिनी, तुम्ही त्याला गंध लावत होता?

आत्माराम : पूजा नाही म्हणालीस मघाशी!

मीरा : ओळीनं सगळ्यांना लावताना एकालाच वगळायचं? बरं नाही दिसत.

आग्नेल : म्हनजे आमचा कप्तान, पोर्तुगालच्या राजाचा मानूस, कपाळाला गंध लावून, साबुदाना खाऊन...

आत्माराम : साबुदाणा तुला कोणी सांगितला?

आग्नेल : सोमवार वहिनींचा. दुसरं काय मिळनार त्याला? आनि शेवटी बेलाच्या पानांत गेला. हसू की रडू, कळत नाही मला. कुठे नेतात ते सगळं?

मीरा : खत करतात म्हणे. बागांना घालायला.

आग्नेल : बागांना. मग कोन जाने, केळीला खत घालताना मलाच सापडेल एक दिवस. जॅक्सनला सांगतो तसं. फोनवर... नाही, आल्यावरच सांगतो.

मीरा : आता नियमाचं बोलू या.

आत्माराम : कुठल्या नियमाचं?

मीरा : कैदी हरवला, तर ज्यानं हरवला त्यानं त्याच्या जागी कैदेत जायचं. दिव्यापुढे बसून तुम्ही दोघांनी ठरवलं होतं. साक्षीदार म्हणून मला हो म्हणायला लावलं होतं.

आत्माराम : अगं, गंमत होती ती! पोट धरून हसत होतो आम्ही!

मीरा : तुम्ही हसत होता. समई लागलेली होती. मी हो म्हटलं होतं.

आग्नेल : वहिनी, काहीतरीच काय! तुम्ही आनि कैदेत? माझ्या घरात? लोक काय म्हनतील?

मीरा : मेरीच्या घरात. माझ्या नेमांचं सगळं घेतलंय पिशवीत. माळ आहे, कापूस आहे वातींना. मेरीची रोझरी असतेच. ती तिचे मणी ओढेल, मी माझे. मणी संपले की दोन पावलं चालायचं, खिडकीपासून दारापर्यंत. दोघी मिळून.

आत्माराम : पिशवी कधी भरलीस?

मीरा : तुम्ही फासे शोधत होता तेव्हा.

आत्माराम : आणि तुझी सुटका कधी?

मीरा : मेरी मला फाटकापर्यंत सोडायला येईल, तेव्हा.

आग्नेल : तिचा पाय, वहिनी... अजून वेळ लागेल त्याला.

मीरा : लागू दे. तुम्ही तेवढं कैद्याला जेवायला घाला. उपासाच्या दिवशी सुकेळी पुरतील.

आत्माराम : मीरा, अगं, माझ्या जेवणाचं काय?

मीरा : सरदार आलाय ना परत? बसा त्याच्याशी बोलत. आणि अहो, संध्याकाळी देवापुढे दिवा लावा. अन्नपूर्णेच्या मागची जागा मी पुसून ठेवली आहे, तिथे काही ठेवू नका.

आग्नेल : द्या, पिशवी मी घेतो.

मीरा : नको, हलकी आहे. आग्नेलभाऊ, एवढं एकच ठरवायचं राहिलंय तुमचं. कैद्यानं पुढे चालायचं, की मागे?