लंडनच्या हुकमाची दवंडी

(निपाणीजवळचं एक गाव. महामार्गालगत नीलमचा नवरा ओमकार याच्या घरासमोर उभी असलेली जीप, काचा फुटलेल्या. आत तिघं: बेळगावच्या जिल्हा कोर्टाचा अमीन, म्हणजे बेलिफ, भरमा, वकील मैत्री आणि तिची अशील नीलम.)

भरमा : हात काढू नका मॅडम, माझं कपाळ दाबूनच धरा. रगत डोळ्यात उतरतंय.

मैत्री : धरलंय. खांदा हलतो का, भरमाण्णा?

भरमा : वर जात न्हाय. उतरला वाटतं. यल्लाप्पाचं काय झालं ते सांगा आधी.

मैत्री : रिक्षात घालून निपाणीच्या दवाखान्यात पाठवलं. मनगट मोडलंय.

भरमा : हलगीवाल्याचं मनगटच मोडलं बघा सुरज्यानं. लोखंडी पान्यानं. हलगीवर दुसरी टिपरी पडली न्हाय तवर.

नीलम : लग्नात हाच दीर माझा पदर धरून फिरत होता. वहिनी, वहिनी करत.

भरमा : आक्का, मागं सरका. शिटावर काचा हायत. मॅडम, चला माघारी. अडथळा केला म्हणून कोर्टात लिहून देतो. साहेब पोलीस देतील.

मैत्री : पोलीस मिळायला आठवडा जाईल. उद्या सकाळी निपाणीच्या सब-रजिस्ट्रारकडं या जागेची खरेदी आहे. गेटपाशी पांढरी टोपी दिसते ना? मारुतीराव. तोच घेणार आहे.

नीलम : ही जागा गेली की ओमकारच्या नावावर काहीच उरत नाही. मग कोर्ट माझ्यासाठी काय जप्त करणार? त्याचे शर्ट?

भरमा : मग त्या टोपीवाल्याला हितनंच सांगा की, जप्ती हाय म्हणून.

मैत्री : उद्या म्हणेल, मला कुणी सांगितलंच नाही. जागेवर हलगी वाजवून दवंडी झाली की तसं म्हणता येत नाही. त्यानं विकत घेतली तरी आपली जप्ती उठत नाही. पण दवंडी आज व्हायला हवी.

भरमा : हुकूम लंडनच्या कोर्टाचा, आन् अडलंय यल्लाप्पाच्या हलगीवर! आक्का, एक इचारू? दावा लावलेला कुणी?

नीलम : ओमकारनंच. तिथलं घर माझ्या पगारातनं घेतलेलं, माझ्या नावावर. ते आपलं आहे म्हणून हायकोर्टात गेला. हरला. जजनं सांगितलं, हिचा वकिलांचा सगळा खर्च तू द्यायचा. देतो म्हणाला आणि इकडं पळून आला. त्या वकिलांचे हप्ते मी अजून भरतेय.

मैत्री : तो हुकूम आम्ही सहीशिक्क्यानिशी बेळगावला दाखल केला. दाखल झाला की तो आपल्याच कोर्टाचा असल्यासारखा बजावता येतो. तर याचा वकील म्हणाला, खर्च म्हणजे दंड, आणि परदेशातला दंड इथं वसूल करता येत नाही.

भरमा : लई शाणा.

मैत्री : तेवढ्या एका मुद्द्यावर दोन वर्षं गेली. शेवटी कोर्टानं मानलं, खर्च म्हणजे दंड नव्हे.

नीलम : दंड झालाच नाही त्याला. माझा जबडा मोडला, या डाव्या कानाचा पडदा फाडला, त्याबद्दल त्या हुकमात एक ओळ नाही. नुसता खर्च.

भरमा : हळू बोला आक्का. सुरज्या हिकडंच बघून हसतोय. मॅडम, ऐका माझं. दवंडी झाली म्हणून लिहून टाकतो. सुम्मने, उगाच कशाला जीव घालवायचा?

मैत्री : त्यांच्याच घरातली पोरं मोबाइल धरून उभी आहेत. सगळं शूट होतंय. खोटं लिहिलंत तर तुमची नोकरी जाईल आणि आमची जप्तीही.

भरमा : मग वाजवणारा आणा. यल्लाप्पाचे हाल बघून कोण येतंय आता? माझा तर हातच उठत न्हाय.

मैत्री : कुणी येणार नाही.

भरमा : हलगी हाय म्होरं. बॉनेटवर.

मैत्री : दिसतेय मला.

भरमा : सुरज्यानं ठेवलीया. ठेवताना काय बोलला त्ये ऐकलंसा न्हवं?

मैत्री : ऐकलं.

नीलम : काय बोलला? मैत्री, काय बोलला तो?

मैत्री : तो तुझ्या डाव्या बाजूला होता, म्हणून तुला कळलं नाही. म्हणाला, वकिलीणबाई, तुमच्या घराण्याचंच काम हाय हे. वाजवा की.

नीलम : त्याच्या...

भरमा : राग मानू नका मॅडम. पन दोन टिपऱ्या तर मारायच्या. मी वाचतो, काम झालं. कोन बघतंय?

मैत्री : सगळं गाव बघतंय. भरमाण्णा, माझा आजा सत्याप्पा इथनं दोन गावं पलीकडचा. दीक्षा घेतली आणि त्यानं हलगी विहिरीत टाकली. गाव म्हणालं, दवंडी दे. हा म्हणाला, नाही देणार. पायरीच्या दगडावर हात धरून त्याची बोटं ठेचली. एकेक करून. लहानपणी मी त्याला भरवायची. लोकांना वाटायचं, आजा नातीचे लाड करतोय.

भरमा : मला ठावं नव्हतं.

मैत्री : नीलम, कॉलेजपासून ओळखतेस तू मला. तुझी केस बुडाली तरी मी ती हलगी उचलणार नाही. आज, इथं हे सांगावं लागतंय याची मला लाज वाटते. पण नाही.

नीलम : कशी धरतात?

मैत्री : काय?

नीलम : हलगी. कशी धरतात सांग.

भरमा : आक्का! नागोजी गावड्यांची लेक तुमी. खानापूरकडं पावणंरावळं काय म्हणतील?

नीलम : जबडा तारेनं बांधलेला होता तेव्हा याच पावण्यांनी फोन करून सांगितलं, जरा सोसून घे. मला हो-नाही म्हणायला तोंडसुद्धा उघडत नव्हतं. सांग मैत्री.

मैत्री : डाव्या हातात, छातीशी टेकवून. बारीक काडी डाव्या हाताच्या बोटांत, ती कातड्यावर हलकी खेळवायची. जाड टिपरू उजव्या हातात. मधे मार.

नीलम : तुला येतं.

मैत्री : आजा ताटलीवर दाखवायचा. त्याच बोटांनी. दार लावून. आवडायचं त्याला. हुकमानं वाजवायचं नव्हतं, एवढंच.

भरमा : बॉनेट तापलंय, कातडं ताणलं असंल. आवाज लांब जाईल. पन आक्का, पाना अजून त्याच्या हातात हाय.

नीलम : दिसतोय. तुम्हाला उतरता येईल?

भरमा : कागद धरायला एक हात बास झाला. चला.

मैत्री : मधे, नीलम. कडेला नको. हां, असं. जोरात.

भरमा : गावकरी मंडळी! कागद कन्नडात हाय, मराठीत सांगतो. बेळगावच्या जिल्हा कोर्टाचा हुकूम हाय. ओमकार तुकाराम चौगुले यांच्या नावची ही जागा आन् घर जप्त केलंय. लंडनच्या कोर्टात बायकोवर लावलेला दावा हरले, तिचा खर्च दिला न्हाय, म्हणून. ही जागा इकायची न्हाय...

मैत्री : खाली वाका! दगड!

भरमा : ...दान द्यायची न्हाय, गहाण टाकायची न्हाय!

मैत्री : ओमकार घरातनं बाहेर आला, सूरजच्या हातातला पाना घेतला त्यानं. नीलम, उजवीकडनं येतोय.

नीलम : येऊ दे. ये ओमकार. तिकडं टीव्हीचा आवाज वाढवून मारायचास. इथं टीव्ही नाही. मार.

मैत्री : नीलम! हलगी सोड, बोटांवर घालतोय तो! सोड!

नीलम : कातडं फाटलं. कड आहे अजून. भरमाण्णा, थांबू नका. घेणाऱ्याचं नाव घेऊन सांगा.

भरमा : मारुतीराव! ऐकलंसा का? जप्त जागा हाय ही!

मैत्री : ऐकलं त्यानं. मोटारसायकल चालू केली. निघाला. ओमकार, त्या पोरांकडं बघा. तुमचीच आहेत. सगळं शूट करतायत ती, पाना हातात धरून तुम्ही कसे दिसताय तेसुद्धा.

भरमा : सुरज्यानंच धरलं त्याला मागनं. चला, आक्का, बसा गाडीत. बसा आधी. मॅडम, दार ओढा.

मैत्री : ओढलं. हुकमाची प्रत?

भरमा : गेटावर डकवली. रगत लागलंय तिला, पन वाचता येतीया. आता अहवालात लिवायचं हाय. वाजवणाऱ्याचं नाव?

नीलम : नीलम नागोजी गावडे.

भरमा : भत्ता असतोय वाजवणाऱ्याचा.

नीलम : यल्लाप्पाला द्या. पहिली टिपरी त्याचीच होती.

भरमा : व्हय. तसंच लिवतो. दोघांचं बी नाव लिवतो.

नीलम : मैत्री, आवाज सगळीकडं गेला का गं? मला अर्धंच ऐकू आलं.

मैत्री : गेला. हात इकडं दे. बोटं हलव बघू, एकेक करून.