दुसऱ्या भागातली सोळा पानं

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या ग्रंथपालबाई, समस्त पालक, वाचक, आणि ‘हे भाषण संपणार कधी’ असा चेहरा करून पुढच्या रांगेत बसलेली बालमंडळी,

मी पुस्तकं बांधणारा माणूस. पुस्तकाशी माझी ओळख पाठीकडून. पाठ फाटली की ते माझ्याकडे येतं, शिवून झालं की जातं. आत काय लिहिलंय याची चौकशी आमच्या धंद्यात कोणी करत नाही. मग मला आज इथे कशाला उभं केलं? बाईंचा आग्रह! सव्वीस वर्षं माझ्या कामात खोट काढली, आता एक दिवस यालाही बोलू द्यावं, असं त्यांना वाटलं असावं. बाई, नकारार्थी मान हलवू नका. काढलीत.

तर उलट्या समुद्राची ती सात भागांची गोष्ट. इथल्या किती जणांनी वाचली आहे? हात वर करा. बघा, आयांचेसुद्धा हात वर आहेत! ज्या मुलांचे खाली राहिले त्यांच्यासाठी सांगतो. एक बहीण, एक भाऊ, आणि एका विहिरीच्या पायऱ्या. शंभर पायऱ्या उतरल्या की पाणी लागतं. पण एकशेएकावी पायरी सापडली, तर खाली आभाळ आणि डोक्यावर समुद्र. तिथे त्यांना एक लंगडं पाणमांजर भेटतं. ते सदान्‌कदा कुरकुरतं आणि जीव लावतं. बाईंसारखंच. लंगडणं सोडून.

माझ्या पहिल्याच वर्षी हे सातही भाग बांधायला आले. मी नवशिक्या, हाताला घाई. चौथ्या भागातला एक फर्मा, म्हणजे सोळा पानं, मी दुसऱ्या भागाच्या शेवटी शिवून टाकली. वर झकास पुठ्ठा चढवला आणि दिलं पाठवून.

आठवड्याने बाई सातही भाग घेऊन दुकानात हजर. दुसरा भाग माझ्यापुढे आपटून म्हणाल्या, “हे काय केलंत? बंदरावर सगळे हसतखेळत पोचतात, आणि पान उलटलं तर पाणमांजर तुरुंगात, बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत! पोरं रडकुंडीला आलीत माझ्याकडे.”

म्हटलं, “बाई, दोन दिवस द्या. उसवून नीट करतो.” आणि ती पानं चौथ्या भागात नेमकी कुठे बसतात ते शोधायला म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट वाचायला घेतली. दोन दिवसांत मी एक टाकाही उसवला नाही. सातही भाग वाचून काढले. शेवटी पाणमांजराचं जे होतं ते वाचताना खळीच्या भांड्याशी बसून रडलो, लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या. मला वाटलं, आता माझी खैर नाही. तर आवाज एकदम खाली. म्हणाल्या, “उसवलंत का?” म्हटलं, “अजून नाही.” “मग राहू द्या. त्या पानांच्या माथ्यावर ‘भाग चौथा’ छापलंय, ते वाचून अकरा मुलं चौथ्या भागासाठी रांगेत आहेत. पाणमांजर तुरुंगात का गेलं, ते कळल्याशिवाय त्यांना चैन नाही.”

तेव्हापासून बाईंची ही रीत. कोणी ‘मला वाचायला आवडत नाही’ म्हणालं, की त्या वाद घालत नाहीत. पहिले दोन भाग हातात ठेवतात आणि गप्प बसतात. पोर आपोआप परत येतं. चौथ्यात ती सोळा पानं नाहीत, म्हणून दुसरा पुन्हा न्यावा लागतो. बाई नोंदवहीत तो दोनदा लिहितात आणि मुलं किती वाचतात म्हणून आपल्यालाच ऐकवतात!

आता जरा अवघड बोलतो. बाद करायच्या पुस्तकांची यादी उद्या अध्यक्षांच्या सहीला जाणार आहे. त्यात हे सातही भाग आहेत. कारण, ‘सदोष बांधणी’. यादी कोणी केली? बाईंनीच. नियम म्हणजे नियम! मी भांडलो, तर म्हणाल्या, “माझ्यानंतर प्रत्येक मुलाला कोण समजावणार?” बाई, मला फार वाईट वाटलं. सव्वीस वर्षं तुम्ही एकाही मुलाला समजावलं नाहीत. म्हणून तर ती वाचत राहिली.

अध्यक्षमहोदय, आपली नात पुढच्या रांगेत आहे. मी बोलायला लागल्यापासून तिने मान वर केलेली नाही. मांडीवर दुसरा भाग आहे, बाईंनी गेल्या आठवड्यात दिलेला. ती शेवटाकडे आली आहे, हे मला इथून पानांच्या जाडीवरून कळतं. तेवढं कसब आहे माझ्याकडे.

हं, उठली. थांबवू नका तिला. आली बाईंकडे... काय म्हणतेस, बाळ? जरा मोठ्याने. “चौथा भाग कुठाय?”

बाईंनी आजोबांकडे बोट दाखवलं आहे. मी आता मध्ये बोलत नाही.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना काही अधिकउणं झालं असेल, तर त्या सगळ्या चुका पोटात घाला. पण ती एक सव्वीस वर्षांपूर्वीची चूक, अध्यक्षमहोदय, तेवढी माफ करू नका. आहे तशी कपाटात राहू द्या.