जवाबी कार्डाचा कोरा अर्धा भाग

हॅलो?… हॅलो, कोण?… कोण बोलतंय?… अगं पद्मा, तू होय! थांब, थांब जरा. वाळूजच्या शिफ्टची बस चाललीय कानाशी. सावलीला होतो… हां. बोल आता.

हो, मुकुंदच. माझ्या फोनवर दुसरं कोण बोलणार?

हो… हो, मिळालं होतं. तुझं कार्ड मिळालं होतं… कधी म्हणजे, संक्रांतीनंतर लगेच… हो, आता मे चाललाय, कॅलेंडर आहे माझ्याकडं… नाही गं, रागावलो कशाला? तुझ्यावर कधी रागावलोय मी? उत्तर दिलं नाही, हे खरं. चार महिने झाले, हेही खरं. सख्ख्या बहिणीचं पत्र आणि…

अगं ऐक ना. पाठ आहे मला ते. म्हणून दाखवू? "दादा, इथं वैजापुरात नळाला दहा दिवसांनी पाणी. इथं मी एकटी, तिथं तू एकटा. दोन पेन्शनी, दोन गॅस, दोन लाइटबिलं कशाला? कायमची येऊ का तुझ्याकडं? कळव." बघ, शब्द न शब्द. आणि सहीखाली, "सोबत जवाबी कार्ड जोडलंय, तुझा खर्च नको."… छे, टोमणा कशाला वाटेल? बरंच वाटलं. दोन कार्डं एकमेकांना चिकटलेली, एकावर तुझं पत्र, दुसरं कोरं. वर तुझाच पत्ता तुझ्याच अक्षरात. कितीतरी वर्षांनी बघितलं. हल्ली मिळतं कुठं ते?… पोस्टमास्तरांनी कपाटातून धूळ झटकून काढून दिलं? घ्या.

ते कोरं अर्धं कार्ड पुस्तकात जपून ठेवलं होतं मी… हो, ठेवण्यासाठी नव्हतं ते, कळतं मला.

काय?… रविवारी? हिमांशू येतोय?… पुण्याला न्यायला… अकरावा मजला… नाही, चांगला मुलगा आहे तो. आईला विचारतो, नेतो म्हणतो, आणखी काय हवं? तुला जायचंय का पण?… मग?… काय म्हणाला?… "मामा भिडस्त आहेत. फोनवर कुणालाही हो म्हणतात. त्यांनी लिहून दिलं तरच मी तुला तिकडं सोडीन." असं म्हणाला? ओळखून आहे मला. मागं एका मुलीला फोनवर नाही म्हणवेना, तो पाण्याचा फिल्टर अजून खोक्यात पडलाय. पाणीच नाही तर गाळू काय?

अगं पण लिहिलंय! हो, लिहिलंय. तुझंच कार्ड खिशात आहे आत्ता… देवाशपथ. छावणी भागातल्या पोस्टातच निघालोय. चारला पेटी उघडतात. आज बुधवार, आज पडलं तर शनिवारपर्यंत तुझ्या हातात. हिमांशूच्या आधी.

चार महिने काय केलं? कच्चं लिहीत होतो… हसू नको. कार्ड एकच. चुकलं की वाया. म्हणून आधी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून बघितलं. आता महिना संपल्याशिवाय पान फाडता येत नाही ना? जानेवारी एकतीसला मोकळा झाला. त्यावर लिहिलं, पटलं नाही. मग फेब्रुवारी संपायची वाट बघितली… झालं हसून? एकोणतीस दिवसांचा होता यंदाचा, तोही.

आणि बद्रीनाथ होताच मागं लागलेला. आमचा पोस्टमन गं. उघडं कार्ड, त्यानं वाचलं. दर आठवड्याला सायकल थांबवून विचारतो, "काय काका, ताईला कळवलं का?" आख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. वरच्या मजल्यावरच्या गोजरबाईंनी तर तुझ्यासाठी खाट बघून ठेवलीय, जुनी पण शिसवी…

नको हो चाचा, नको. केवढं ते, एकट्याला चार दिवस पुरतं, नासून जातं… तुला नाही, टरबूजवाल्याला… हो. दोघं असतो तर घेतलं असतं. कळलं. बोलून घे.

बरं, एक सांगू? ते एफडीचं लिहिलं होतंस ना कोपऱ्यात, मोडून माझ्याकडं तुझ्यासाठी खोली काढायची, ते काही मला पटलं नाही. मुळीच मोडू नको. मुदतीआधी मोडली की व्याज कापतात. पुढच्या खोलीत पुस्तकं आहेत, ती मी भिंतीला लावतो, खोलीच खोली… ऐक. एफडी तुझ्या नावावर, पावती तुझ्या ट्रंकेत. माझ्या हातात देऊ नको. हिमांशूच्याही नको, कितीही चांगला असला तरी. देणाऱ्याला एकदा द्यावं लागतं, मागणाऱ्याला परत परत मागावं लागतं. आपलं आपल्याजवळ असलं म्हणजे माणूस हक्कानं रुसू शकतो… हो, हे बरं बोललो. बोलतो कधी कधी.

किराणा निम्मा-निम्मा? त्यावर भांडू सावकाश. गहू मात्र आत्ताच भरायला हवेत, वर्षाचे. यंदा असा दुष्काळ, लातूरला रेल्वेनं पाणी चाललंय, पावसाळ्यात भाव चढणार. तुझे धरून… हो, तुझे धरूनच म्हणालो.

मग अडलं कुठं?… कुठं म्हणजे…

पाणी तर आहेच. इकडंही काही गंगा वाहत नाही. मागं तो सात मजली टॉवर झाला, त्यानं सहाशे फूट बोअर घेतला, त्या आठवड्यात आमची विहीर आटली. पण पाण्याचं नाही ते. पाण्याचं निभतं.

पद्मा, कार्डावर लिहिण्यासारखं नव्हतं ते. बद्रीनाथनं वाचलं असतं.

तुझी वहिनी… हो. तेराचा उन्हाळा. आठवतो तुला? तसलाच दुष्काळ. तिनं कूलर मागितला होता… मोठा नाही, छोटाच, स्टुलावर ठेवायचा. लग्नानंतर तिनं मागितलेल्या वस्तू मी बोटांवर मोजून सांगीन. आणि मी काय केलं? कागद घेतला. कूलर एवढ्याचा, वीज एवढी, वर दिवसाला दोन बादल्या पाणी, आणि नळ चौथ्या दिवशी. तिला वाचून दाखवलं. म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. ती हो म्हणाली… हिशेब बरोबर होता गं. तेच तर म्हणतोय. अगदी बरोबर होता. आणि पुढच्या वर्षी ती नव्हती.

थांब, रस्ता ओलांडतो… हां.

म्हणून वाटलं, तू यायचीस, आणि एक दिवस काहीतरी मागायचीस, साधंसं, आणि मी कागद घ्यायचो. नकळत होतं ते. काटकसर कुठं संपते आणि माणूस कुठं कोता व्हायला लागतो, मला या वयातही कळत नाही. चाळीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत काढली, तिथंही कुठं सापडलं नाही. हिमांशूकडं तुला मोकळेपणानं पंखा तरी लावता येईल, असं…

काय?… कोण, वहिनी? कुठं जायची?… बँकेत. हो, जायची ना. दुपारची. पासबुक भरायला… कशाला?… एसीत बसायला?

थांब. नीट सांग. रोज?… दोन ते चार… आणि कोण? गोजरबाई पण?… दोघी! खुर्च्या होत्या ना तिथं, कोपऱ्यात… शिपाई माठातलं पाणी द्यायचा… काय निवडायच्या? मेथी? बँकेत मेथी?… आणि कुणी काही बोललं नाही?… मॅनेजरला लोणचं नेऊन दिलं. अरे देवा. कैरीचं? बरणी एकदम खाली गेली कशी, म्हणून मी विचारलंही होतं तिला.

आणि मला सांगायची, "व्याज जमा झालं का बघून येते." मी मनात म्हणायचो, बायको व्यवहारी झाली. त्या पासबुकाच्या कडा विरल्या होत्या पार. मी त्याला खाकी कव्हर घातलं, पद्मा. दोऱ्यानं शिवून दिलं तिला. ती हसली होती तेव्हा. मला वाटलं, कव्हर आवडलं…

हसतोयच मी. लोक बघतायत.

तू कधी सांगितलं नाहीस ते?… तिनं शपथ घातली होती? मला सांगायचं नाही म्हणून?… आणखी काय म्हणायची?… परत सांग… "तुझा दादा चिकट नाही, भित्रा आहे. चिकट असता तर भांडले असते. भित्र्याशी काय भांडायचं?"

…असं म्हणाली होय.

खरं आहे ते. भीतीच. तुला आठवत असेल, बहात्तरला तू शाळेत होतीस. घरात तो रेशनचा लाल मिलो, अमेरिकेतून आलेली ज्वारी. आई भाकरी थापायची आणि ती तव्यावरच तुकडे व्हायची. तेव्हापासून डब्यात मूठभर मागं ठेवल्याशिवाय मला बरं वाटत नाही. तिला कळलं होतं म्हणायचं. मला वाटायचं, मी फार विचार करून वागतो.

बरं, मी कूलर घेतो तुझ्यासाठी. आत्ता समोरच दुकान आहे, रांगेनं मांडलेत… सोसत नाही? गुडघे धरतात? मग?… बँकेत जाऊ म्हणतेस दोघं? मला मेथी निवडता येत नाही गं… शिकवशील. बरं.

काय?… वाचून दाखवू? आता, भर बाजारात?… शनिवारी वाचशीलच की… बरं, बरं. ओरडू नको. पोस्टापाशी पोचलोच, झाडाखाली उभा राहतो. चष्मा काढू दे… हं.

"चि. पद्मजास अनेक आशीर्वाद. तुझे कार्ड पावले. उत्तरास उशीर झाला, क्षमस्व. इकडे नळ चौथ्या दिवशी, तोही पाऊण तास. अंघोळीस एकच बादली. भांड्यांचे पाणी कढीपत्त्यास घालतो. चहा दोन वेळा, गुळाचा. पंखा रात्रीच लावतो. वर्तमानपत्र वरच्या गोजरबाईंचे, दुपारी मिळते. मला फार बोलता येत नाही. जेवताना वाचण्याची सवय आहे. घोरतो, असे तुझी वहिनी म्हणत असे. सर्व बाजूंनी विचार करावा. तुझा, मुकुंददादा."

झालं… संपलं. एवढंच… म्हणजे काय, हो कुठं आहे? आहे ना त्यात. ते… थांब. "सर्व बाजूंनी"… नाही. वर बघू. "उत्तरास उशीर"…

पद्मा, नाहीये गं.

चार महिने लिहिलं आणि "ये" लिहायचंच राहिलं. मी धरूनच चाललो होतो ते. ते लिहायला लागत नाही, असंच… हो, तुला कसं कळणार? खरंय. हे वाचून हिमांशूनं तुला त्याच दिवशी गाडीत घातली असती.

आता काय करू? जागाच नाही. कडेलासुद्धा नाही, कडेला घोरणं लिहिलंय… नवं कार्ड घ्यावं तर खिडकी बंद झाली. उद्या सकाळी घेतो, नीट विचार करून… नको? विचार नको?… हो, शनिवार हुकेल. बद्रीनाथ पण आला बघ किल्ली घेऊन.

बद्रीनाथ, थांबा हो एक मिनिट. उघडू नका. पेन आहे का?… हो, तेच कार्ड… हो, अजून खिशातच आहे. तुम्ही हसू नका, एक जण हसतेय ते पुरे.

हां पद्मा, पेन मिळालं. कुठं लिहू?… सगळ्यावरून? आडवं?… अगं मग खालचं काही वाचताच येणार नाही. बादली, चहा, काहीच… तेच पाहिजे? सुंदर अक्षरात लिहिलंय गं ते, चार पानं खराब करून… बरं. बरं म्हणालो ना. किती मोठं?… बद्रीनाथ म्हणतोय, भाच्याला मोटारीतूनसुद्धा दिसेल एवढं.

थांब, फोन खांद्यावर धरतो. कार्ड पेटीवर ठेवलं. तापलीय पेटी… य. दोनदा गिरवतो, पेन अडतंय… वर मात्रा. मात्रा पार पत्त्यात घुसली. चालेल? पोचेल ना हो बद्रीनाथ?… पोचेल म्हणतोय.

"ये." वाचलं. लिहिलंय तेवढंच वाचलं… आता बास, परत वाचणार नाही.

काय हो?… नाही, तुमच्या हातात नाही देत. पेटीतच टाकतो, रीतसर. मग तुम्ही काढा… असू दे वेडेपणा. ऐकतेस ना, पद्मा? टाकतोय… टाकलं.

आवाज आला? तुला, वैजापुरात?… रिकामी असेल गं पेटी, म्हणून वाजलं. हल्ली टाकतंय कोण… हॅलो?… पद्मा?… हॅलो?…

कट झाला हो, बद्रीनाथ. बोलली सगळं… हो. उघडा आता.