मागच्या सीटवरचा मिस्त्री

मी काटोलची. माहा बाप ऑइल इंजिनाचा मिस्त्री होता, संत्र्याच्या बगीच्यात विहिरीवर पाणी ओढाचे जे इंजिनं राहात ना, ते बंद पडले का त्याले बोलावणं ये, आन् तो सायकलवर मले मांगं बसवून घेऊन जाये, कारण माहे हात बारीक, जिथं त्याचा हात जाये नाई तिथं माहा जाये. माय कटकट करे, पोरीचं हे काम होय का म्हणे, उद्या कोण करन हिले. बाप म्हणे, करन वं कोणीतरी. आता तुम्ही मनात म्हणान का मी आलो हिच्या नवऱ्याबद्दल इचाराले, गणपती मंडळाच्या पुस्तकात छापाले, स्वतःची मोटरगाडी स्वतः दुरुस्त करणारा माणूस म्हणून, आन् ही बाई आपल्या बापाचं सांगून राहिली. पण मोटरीची गोष्ट तिथूनच निघते भाऊ, मी काय करू.

लग्न होऊन नागपूरले आली. हे दफ्तरात बाबू. घर बांधलं हुडकेश्वरकडे, तेव्हा तिथं नुसते वावरं आन् बाभळी, बस पकडाची तं अर्धा जीव चालण्यातच जाये. यायचा एक साहेब बदली होऊन चालला होता, त्याची जुनी काळी मोटर यायनं घेतली, इंग्रजाच्या काळातली, विलायती. पूर्ण वस्ती पाहाले आली, मी गाडीले हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आन् पंधरा दिवसात गाडी बंद. गॅरेजात टाकाची ऐपत नाई, तं यायनं ठरवलं का घरीच दुरुस्त करतो, त्याच्यात काय हाये. जरीपटक्याले गेले आन् पान्यांचा सेट घेऊन आले, लाल पेटीत, निरा चमकून राहिला.

मी एक पाना उचलला आन् समजली, हे मिलिमीटरचे होय. विलायती गाडीचे बोल्ट इंची राहते. माह्या बापाचे इंजिनं विलायतीच होते ना, मले माहीत. इंचाचे आठ भाग करा, एका भागाले सूत म्हणते, चार सुताचा पाना म्हणजे अर्ध्या इंचाचा. मिलिमीटरचा पाना त्या बोल्टावर बसल्यासारखा करते, पण जोर लावला का सरकते आन् बोल्टाचे कोपरे खाऊन टाकते. मी म्हटलं, अवो, हे पाने चालत नाई या गाडीले. हे म्हणाले, तुले काय समजते वं, जा सैपाक पाय. संध्याकाळपर्यंत बोल्ट गोल करून ठेवले आन् वरतून बोटाचं सालटं काढून घेतलं. बोटाले हळद लावाले मीच.

मंग मीच गेली इतवारीत, घरी सांगितलं भांडे घ्याचे हाये. भांड्याच्या गल्लीच्या मांगं भंगारवाले बसत, हातगाड्या अंगावर येऊन राहिल्या, आन् गोणपाटावर जुने पाने पडले, तेलकट, काळे. बापानं शिकवलं होतं, पान्याची चमक पाहाची नाई, तोंड पाहाचं, तोंड फाकलं असन तं फुकट देल्ला तरी घ्याचा नाई. दगडावर टाकून आवाज आयकाचा, बद्द वाजला तं कुठंतरी तडा हाये. आन् डोळ्यानं माप कराचं नाई, बोल्ट सोबत न्याचा, पान्यात घालून पाहाचा. मी पदराच्या गाठीत बोल्ट बांधून नेला होता. भंगारवाला हासे, म्हणे, क्या बाई, पाना पका के खाओगी क्या? हासू द्या म्हटलं. चांगले निवडून घेतले, सगळे आखूड आखूड, माह्या हाताले झेपतीन असे. स्क्रू पिळाचा एक पेचकसही घेतला, त्याची लाकडी मूठ जाड होती, ते सुताराकडून घासून बारीक करून घेतली, आन् घसरू नये म्हणून वरतून माह्या लुगड्याच्या हिरव्या काठाची चिंधी गुंडाळली.

घरी आणले तं यायनं माह्या हातून घेतले. पाने पाहले, बोल्टावर लावून पाहले, आन् म्हणाले, फाटक लाव.

तिथून आमचं सुरू झालं. रविवारची दुपार, फाटक बंद, मी गाडीखाली, आन् हे स्टुलावर बसून पेपर वाचत. क्लच म्हणा, ब्रेक म्हणा, पाण्याचा पंप म्हणा, सगळं काढलं आन् सगळं बसवलं या हातानं. काम झालं का मी घासलेटनं हात धुवाची, मंग राखेनं, नखं घासून घासून. आन् हे काय करत, सांगू तुम्हाले? डब्यातलं काळं ग्रीस घेत, दोन्ही हाताले कोपरापर्यंत लावत, आन् फाटक उघडून तिथं उभे राहात. शेजारी एक गुरुजी राहात, ते म्हणत, काय बाबूजी, आज काय खोललं? हे म्हणत, कार्बोरेटर साफ केला जरासा. मी सैपाकघरातून आयकाची. पयले पयले मले हासूच ये. खरं सांगते, मले मजा वाटे त्या कामात, गाडीखाली गेली का मले कोणी जा म्हणे नाई, ये म्हणे नाई, बापाच्या सायकलवर बसल्यावानी जीव हलका होये. एवढंच वाटे का एकदा, एकदाच चारचौघात यायनं म्हणावं, का हे हिचं काम होय. जास्त काय मांगत होती मी?

मंग तो उन्हाळा आला. सकाळीच ऊन असं का आंगण भाजून राहिलं. हे दफ्तराले निघाले आन् ओसरीवर छाती धरून खालीच बसले, घामाच्या धारा. मी बोंबलली, गुरुजी धावत आले. गाडी चालवता ये ते गुरुजीले, मले कधी चालवू देल्ली नव्हती. यायले मागच्या सीटवर निजवलं, गुरुजीनं गाडी चालू कराले घेतली, तं घुरघुर करे आन् बंद, घुरघुर करे आन् बंद. वस्ती जमा झाली. कोणी म्हणे रिक्षा आणा, कोणी म्हणे बैलगाडी जुंपा. मी आवाज आयकला आन् समजली, पेट्रोल वर चढून नाई राहिलं. पदर खोसला, पेटी आणली, बोनट उघडलं. चारचौघात, भाऊ, भर दिवसा, फाटक सताड उघडं. पेट्रोलचा पंप उन्हानं तापला होता, त्याच्यावर ओला फडका टाकला, नळीचा नट खोलला, नळी तोंडात धरून फुंकली, तोंडात पेट्रोल आलं, थुकली, पुन्हा फुंकली.

आन् मांगून आवाज आला. चार सुताचा घे वं.

सीटवरून. डोळे बंद, आवाज खोल गेलेला, पण लोकाले आयकू जाईन एवढा. चार सुताचा पाना तं माह्या हातात होता, नट कवाचा खोलून झाला होता. मंग म्हणे, आता फुंक. मी फुंकूनच राहिली होती! माणूस मरून राहिला, छातीत कळा, आन् फिकर कशाची, तं लोकाले वाटन का बायकोनं केलं. मले इतका राग आला का तो पाना तिथंच फेकून द्यावा. पण मी म्हटलं काय? म्हटलं, हव जी. सगळ्यायनं आयकलं, हव जी. नट कसला, गाडी सुरू झाली, आन् गुरुजीनं दवाखान्यात नेली.

हे वाचले. वाचले ते चांगलंच झालं, कुंकू राहिलं माहं, त्याचं मी वाईट म्हणत नाई. पण घरी आल्यावर लोक भेटाले येत आन् गुरुजी सगळ्यायले सांगत, काय माणूस हो, मरणाच्या दारात पडून बायकोच्या हातून गाडी दुरुस्त करवून घेतली, पाना कोणता घे तेसुद्धा सांगितलं! आन् हे उशीले टेकून म्हणत, सवय झाली आता, कानानंच समजते. मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी.

लोक गेल्यावर मी म्हटलं, तुम्ही एकदा तरी म्हणाचं होतं. हे म्हणाले, येडी हायेस का, बाबूची बायको गाडीखाली लोळते म्हणतीन लोक. तुह्या इज्जतीसाठी करतो मी सगळं. माह्या इज्जतीसाठी! ग्रीस माह्या इज्जतीसाठी लावत होते कोपरापर्यंत!

त्या दिवसापासून मी पेटीले हात लावला नाई. म्हटलं, आता गाडी बंद पडन, मंग तरी सांगाच लागन का मिस्त्री कोण होती. पडली ना, थोड्या दिवसातच पडली. लोकायनं इचारलं, बाबूजी, गाडी उभी काहून? हे म्हणाले, डॉक्टरनं मनाई केली, गाडीखाली जाऊ नका म्हणे, छातीवर जोर येते. आन् लोक हळहळले, अरेरे, असा कारागीर माणूस! पाहा, माहा रुसवाही यायच्याच नावावर गेला. यायचं काही गेलं नाई भाऊ, गेलं ते माहं गेलं, माही रविवारची दुपार गेली. गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली, टायर बसले, सीटवर कोंबड्या अंडे देत. मी खिडकीतून पाहाची, हात शिवशिवत, पण हट्ट तं हट्ट. शेवटी भंगारवाला आला आन् तुकडे करून घेऊन गेला. मी ज्वारी निवडत होती, उठली नाई.

आता हे नाई. पेटी मोहननं, माह्या पोरानं, इथं बैठकीत ठेवली, वर यायचा फोटो. दसऱ्याले तो पाने पुसून पाटावर मांडते, फुलं वाहते, आन् पाहुण्यायले तीच गोष्ट सांगते, मागच्या सीटवरची. मी आपट्याचे पानं वाटत राहते. मागच्या दसऱ्याले मी चार सुताचा पाना उचलला पुसाले, तं मोहन म्हणे, आई, सांभाळून वं, बाबाची आठवण होय ते, पडन तुह्या हातातून. माह्या हातातून म्हणे.

हा घ्या पेचकस. धरा ना, लाजता कायले. पाहा, बसते का तुमची मूठ त्याच्यावर? नाई बसत. मोहनचीही बसत नाई, तो म्हणते बाबाचा हात नाजूक होता. तिकडे फोटोत पाहा, खुर्चीच्या दांड्यावर यायचा हात, तुमच्याहून मोठा हाये. आता आणा इकडे. हे पाहा, माही मूठ. पाहलं?

असो. मंडळाचं पुस्तक होय, तिथं यायचंच नाव शोभन, तुम्हाले जे लिहाचं ते लिहा. पोरगा सुखी हाये, सून जीव लावते, तुमच्याही लेकराबाळायले देव बरं ठेवो. तो पेचकस होता तिथं ठेवून द्या, फोटोखाली. असा नाई, उलटा करा, मूठ समोर. हव. चिंधी दिसली पाहिजे.