कप्तान आणि शिडी

गुडघ्याच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी घरं रंगवणारा एक रंगारी आणि त्याच्याच हाताखाली काम करणारी त्याची लेक बसली होती. टीव्हीवर राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या निवडीची चर्चा चालू होती. थकलेला कप्तान संघात हवाच, हे बापाने लेकीच्या गळी उतरवलं असतं, तर दुखऱ्या गुडघ्यानिशी सोमवारपासून बापालाही शिडीवर चढायची मुभा मिळणार होती.

“एकोणचाळीस म्हणजे काय वय झालं?”

“धावताना लंगडतो, बाबा.”

“अगं, किती दिलंय त्याने आपल्याला! त्याचा पहिला गोल तू माझ्या खांद्यावर बसून पाहिलास.”

“म्हणूनच तो पडलेला मला बघवणार नाही.”

“मग काय, घरी बसायचं त्याने?”

“घरी कशाला? मैदानाबाहेर उभं राहून पोरांना शिकवावं.”

“आणि छताजवळची रेघ कोण मारणार?”

“मी. वाकडी गेली तर तुम्ही खालून ओरडा.”

“तुझी नाही जात वाकडी. माझ्यापेक्षा सरळ असते.”

“हे आजवर कधी बोलला नाहीत!”

“शिडीवरून दिसत नव्हतं.”

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. तपासणीचे पैसे लेकीने भरले. शिडी बापाने दिली.